श्रिंक प्लास्टिकची कोयरी: पहिलं कानातलं घरी करताना

श्रिंक प्लास्टिक म्हणजे तापवलं की आक्रसून लहान आणि जाड होणारा प्लास्टिकचा पत्रा. तो पहिल्यांदा हाताळणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. हवं तेवढंच चित्र काढतो. मीही तेच केलं होतं. तीन सेंटिमीटरची सुबक कोयरी काढली, मन लावून रंगवली, भाजली आणि हातात आला वालाच्या दाण्याएवढा काळपट तुकडा. त्याला भोक पाडायचं राहिलं होतं, ते वेगळंच. या लेखात कोयरीच्या आकाराच्या कानातल्यांची एक जोडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. कोयरी यासाठी निवडली की तिला डावी-उजवी बाजू असते, टोक असतं, आणि नवशिक्याला ज्या ज्या गोष्टी अडतात त्या सगळ्या या एका आकारात भेटतात.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्माकोल ज्याचा करतात, तेच. फक्त इथे त्यात हवा नसते, पातळ पारदर्शक पत्रा असतो. कारखान्यात हा पत्रा गरम असताना लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. ताण आत अडकून राहतो. पुन्हा साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की प्लास्टिक मऊ होतं, अडकलेला ताण सुटतो आणि पत्रा आपल्या मूळ आकाराकडे परततो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफिल्ड गावच्या बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी १९७३ मध्ये मुलांच्या स्काउट गटासाठी याचा खेळ केला, आणि त्यातूनच 'श्रिंकी डिंक्स' नावाचं खेळणं बाजारात आलं.

आक्रसताना प्लास्टिक कुठे जात नाही, हे नीट लक्षात ठेवा. लांबी मूळच्या साधारण ४५ टक्के उरते, रुंदीही तेवढीच, म्हणजे क्षेत्रफळ साधारण पाचवा हिस्सा उरतं. मग जाडी पाचपट होणारच. ०.३ मिलिमीटरचा पत्रा दीड मिलिमीटरचा कडक तुकडा होतो. रंगाचंही तसंच. पाच चौरस सेंटिमीटरवर पसरलेला रंग एका चौरस सेंटिमीटरवर गोळा होतो, म्हणून फिका अबोली भाजल्यावर शेंदरी दिसतो आणि साधा निळा जवळजवळ काळा. वजन मात्र तेवढंच राहतं. आपली एक कोयरी ग्रॅमभराच्या आतच भरते. ज्यांचे कान जड कानातल्यांनी ओघळतात त्यांना म्हणूनच ही कानातली मनापासून आवडतात.

काय काय लागेल

पारदर्शक श्रिंक शीट, शक्यतो ए-फोर मापाची. खरखरीत, दुधी दिसणाऱ्या शीटही मिळतात, त्यांना घासावं लागत नाही. पण साधी पारदर्शक शीट आपण स्वतः घासून घेतली तर दोन्ही प्रकारे वापरता येते, म्हणून पहिल्यांदा तीच घ्या. ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर, चांगल्या रंगीत पेन्सिली, बारीक टोकाचा काळा परमनंट मार्कर, धारदार कात्री, कागदाला भोक पाडायचं एकेरी पंच, बेकिंगचा पार्चमेंट पेपर, पांढरा ॲक्रिलिक रंग आणि पाण्यात विरघळणारं पारदर्शक व्हार्निश. जोडणीसाठी कानातल्याचे हुक, ६ मिलिमीटरच्या कड्या आणि दोन छोट्या पकडी. हुक-कड्या पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला वजनावर किंवा पुड्यांत मिळतात. कान पटकन चिघळत असतील तर हुक स्टीलचे किंवा चांदीचे घ्या. स्वस्त हुकांत निकेल असतं आणि त्रास बहुतेकदा त्याचाच असतो, प्लास्टिकचा नाही.

मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल अजिबात नकोत, ते वितळून ओघळतात. बेकरीच्या डब्यांची पारदर्शक झाकणं वापरता येतात का, असं नेहमी विचारतात. झाकणावर त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन आहे आणि आक्रसेल. १ असेल तर नाही, ते वेडंवाकडं होऊन पांढरं पडेल. पण ६ आकड्याचं झाकणही सगळीकडे सारखं ताणलेलं नसतं. त्याच्यावर मुलांनी मासे-फुलपाखरं करावीत. जोडी जुळायला हवी असेल तर शीटच घ्या.

भाजायला ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, सर्वांत सोयीचा. मायक्रोवेव्हच्या नेहमीच्या मोडवर हे होत नाही. गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन मोड असेल तर होतं. गॅसच्या ज्योतीवर धरून भाजण्याचा मोह आवरा. प्लास्टिक पेट घेतं आणि जळलं की घाण, अपायकारक धूर होतो. ओटीजीतसुद्धा करपू द्यायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, एक्झॉस्ट फॅन लावायचा आणि या कामाचा ट्रे वेगळा ठेवायचा. घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या, त्यांना अशा वाफा फार लवकर बाधतात. मुलांनी रंगवावं, कापावं. ओटीजीचं दार मोठ्यांनीच उघडावं.

आधी मापाची पट्टी

इथे घाई करू नका. पाकिटावर आक्रसण्याचं प्रमाण छापलेलं असतं, पण ते ढोबळ असतं. तुमचा ओटीजी वेगळा, तुमची शीट वेगळी. शिवाय एकाच शीटची लांबी आणि रुंदी अगदी सारखी आक्रसतेच असं नाही.

शीटच्या लांबीच्या दिशेने १० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद अशी एक पट्टी कापा. रुंदीच्या दिशेने तशीच दुसरी. दोन्हींवर मार्करने दर सेंटिमीटरला रेघ मारा, ० ते १० आकडे घाला आणि एकीवर 'लांबी', दुसरीवर 'रुंदी' लिहा. मोकळ्या जागेत तुमच्याकडच्या पेन्सिलींचे छोटे छोटे ठिपके द्या, प्रत्येकाचा एकदा हलका आणि एकदा दाबून. एका टोकाला पंचने भोक पाडा. मग भाजा.

भाजून निघालेली ही छोटी पट्टी म्हणजे तुमची फूटपट्टी. तिच्यामुळे गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. तीन सेंटिमीटरची कोयरी हवी असेल तर भाजलेली पट्टी खऱ्या फूटपट्टीला लावा आणि खऱ्या तीन सेंटिमीटरसमोर पट्टीवरचा कोणता आकडा येतो ते बघा. माझ्या शीटवर तिथे पावणेसातच्या जरा अलीकडची जागा येते. म्हणजे चित्र ६.७ सेंटिमीटरचं काढायचं. रंग भाजल्यावर कसा दिसेल तेही पट्टीवर, आणि ६ मिलिमीटरचं भोक साधारण पावणेतीनचं होतं तेही पट्टीवर. मी माझ्या पट्ट्या त्याच भोकातून दोरीत ओवून पेन्सिलींच्या डब्याला बांधून ठेवते.

मी शिकवताना कितीही सांगितलं तरी अर्धे लोक ही पायरी गाळतात, कारण शीट वाया जाईल असं वाटतं. ए-फोर शीटमधून अशा दोन पट्ट्या काढून भरपूर जागा उरते. चुकीच्या मापाच्या दोन कोयऱ्यांत त्याहून जास्त शीट जाते.

घासणं, रेखणं, रंगवणं

पेन्सिल गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाही. म्हणून शीटची एक बाजू पॉलिश पेपरने घासायची: आधी आडवी, मग उभी, हलक्या हाताने, सगळीकडे सारखी. एकाच जागी जोर दिला तर खोल ओरखडे राहतात आणि भाजल्यावर ते अधिकच उठून दिसतात. घासून झालं की ओल्या फडक्याने भुकटी पुसा, वाळू द्या आणि यापुढे शीट कडेनेच धरा. बोटांचं तेल लागलं तिथे पेन्सिल घसरते.

कागदावर ६.७ सेंटिमीटर उंचीची कोयरी काढा. कागद शीटखाली ठेवा, घासलेली बाजू वर. एक कोयरी गिरवा, मग कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरून चित्र मागून उतरवा आणि दुसरी गिरवा, म्हणजे डाव्या-उजव्या कानाची जोडी होईल. दोन्ही कोयऱ्या शीटवर एकाच दिशेने उभ्या हव्यात. एक उभी आणि एक आडवी काढली तर भाजल्यावर एक किंचित लठ्ठ आणि एक किंचित उंच निघते. फरक दीड-दोन मिलिमीटरचाच असतो, पण चेहऱ्याच्या दोन बाजूंना लगेच डोळ्यात भरतो.

आता रंगवण्याची खरी गंमत. आपण घासलेल्या बाजूवर रंगवणार, पण बघताना दुसऱ्या, गुळगुळीत बाजूकडून बघणार. जुन्या वाड्यांमधून काचेच्या मागून रंगवलेली देवादिकांची चित्रं असत, तशीच ही पद्धत. त्या चित्रकारांना जे सगळ्यांत वर दिसायला हवं ते सगळ्यांत आधी काढावं लागे: आधी डोळ्यातली बाहुली, दागिन्यांचे मोती, मग चेहरा, मग वस्त्र आणि शेवटी मागची भिंत. कोयरीतही तेच. आधी काळ्या मार्करने बाहेरची रेघ, आतली वेल आणि मधला ठिपका. मार्कर चालवताना हात थांबवायचा नाही. खरखरीत बाजूवर शाई जरा पसरते, थांबलात तिथे डाग मोठा होतो. मग वेलीच्या पानांत पेन्सिलीने हिरवा, पोटात पिवळा-केशरी. अक्षरं लिहिणार असाल तर ती उलटी लिहावी लागतील, हे विसरू नका.

पेन्सिल हलकी चालवा. अगदीच फिकं, अपुरं वाटतं तिथे थांबा. मला हे जमायला बऱ्याच कोयऱ्या लागल्या, कारण हाताला पूर्ण भरलेल्या रंगाची सवय असते. आपल्याकडची पट्टी समोर ठेवली की धीर येतो. केशरीतून पिवळ्याकडे जाताना दोन्ही रंग एकमेकांवर थोडे चढवा. आता पट्टे दिसतात, आक्रसल्यावर ते मिसळून पैठणीच्या धूपछावेसारखी झाक येते.

कापणं आणि भोक

रेघेच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर सोडून कापा. कात्री एका जागी ठेवून शीट फिरवा. हे प्लास्टिक ठिसूळ असतं, आतल्या कोपऱ्यात कात्रीचं टोक पुढे गेलं तर तिथून चीर धावते. कोयरीचा बाक जिथे आत वळतो तिथे दोन बाजूंनी छोटे छोटे काप घेत या.

टोक टोकदार ठेवू नका. शीट पातळ असताना ते निरुपद्रवी वाटतं. जाडी पाचपट झाली की तेच टोक मानेला टोचतं. शिवाय निमुळता भाग भट्टीत वळून पोटाला चिकटण्याची शक्यता सर्वांत जास्त. टोक गोलसर करा, हरभऱ्याच्या टोकाइतकंच ठेवा.

भोक भाजण्याआधीच पाडायचं. भोकाची कड आणि कोयरीची कड यांत किमान ५ ते ६ मिलिमीटर अंतर ठेवा. भाजल्यावर त्याचे अडीच उरतात आणि कडी पेलायला तेवढे लागतातच. भोक कुठे पाडायचं ते ठरवायला कागदी कोयरी कापून टाचणीवर लटकवून बघा. कोयरीचं वजन एका बाजूला असतं, त्यामुळे मधोमध वाटणाऱ्या जागी टाचणी टोचली की ती तिरकी लटकते. टाचणी पोटाच्या बाजूला सरकवत न्या, सरळ लटकली की तिथेच खूण. भोक राहूनच गेलं तर थंड झाल्यावर हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने दीड मिलिमीटरचं पाडता येतं. तापवलेली सुई खुपसू नका, भोवती काळा फुगवटा येतो.

ती दोन मिनिटं

ओटीजी १६० अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू करून दहा मिनिटं तापू द्या. ट्रे सपाट हवा. पोचलेल्या ट्रेवर कोयरीही तशीच होते. ट्रेवर पार्चमेंट पेपर, त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर बोटाने पसरून, त्यावर दोन्ही कोयऱ्या रंगवलेली बाजू वर करून, एकमेकींपासून चार बोटं लांब. वरून पार्चमेंटचा दुसरा तुकडा सैल ठेवा. ट्रे मधल्या कप्प्यात. वरच्या कागदाची एक कड थोडी उचललेली असू द्या, म्हणजे आत दिसेल.

आता दारापाशी बसा आणि फोन लांब ठेवा. वीस-तीस सेकंदांत कडा उचलायला लागतात. मग कोयरी निखाऱ्यावरच्या पापडासारखी वाकते, उभी राहते, स्वतःभोवती वळते. माझी भाची पहिल्यांदा माझ्याशेजारी बसून हे बघत होती. ती ओरडलीच, "मावशी, काढ ना, वाया गेलं!" मी म्हटलं, "थांब गं, दार उघडू नकोस." या क्षणी दार उघडलं की गार हवा लागून तुकडा अर्ध्यातच थिजतो आणि मग नीट उलगडत नाही. आम्ही दोघी बघत राहिलो. एक टोक खाली आलं, मग दुसरं, आणि मघाशी गुंडाळी झालेली कोयरी हळूहळू अंग सोडून सपाट झाली. भाचीने श्वास सोडलेला मला ऐकू आला. आजही प्रत्येक वेळी त्या क्षणाला माझं काळीज हलतं.

सपाट झाल्यावर आणखी पंधरा-वीस सेकंद आत राहू द्या. एकूण वेळ एक ते तीन मिनिटं, ओटीजीनुसार. तोवर पाटावर पार्चमेंटचा तुकडा तयार ठेवा. जाड हातमोजे घालून ट्रे काढा, कागदासकट कोयऱ्या पाटावर घ्या, वर दुसरा कागद आणि त्यावर जाडजूड पुस्तक. दहा-पंधरा सेकंद हलकेच दाबा. प्लास्टिक मऊ असतं तोपर्यंतच हे जमतं. लगेच दाबा, पण अंगाचा भार टाकू नका, नाहीतर कागदाच्या सुरकुत्या कोयरीवर उमटतात.

टोक वळून पोटाला चिकटलं असेल तर निराश होऊ नका. गरम असतानाच हातमोजे घालून दोन लाकडी काड्यांनी हळूच सोडवा आणि पुन्हा वीस सेकंद आत ठेवा. बहुतेक वेळा सुटतं. सुटलं नाही, जोर लावला आणि टोक ताणलं गेलं, तर ती कोयरी बाजूला ठेवून नवी करा.

मागची बाजू

थंड झालेल्या कोयरीची कड बोटाने चाचपा. धारदार लागली तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून कडेवरून फिरवा. पाण्यात बुडवल्याने भुकटी उडून नाकात जात नाही.

कोयरी उलटून गुळगुळीत बाजूने बघा. रंग आत, काचेखाली असल्यासारखे दिसतील, पण मागे काळी साडी धरली की फिके पडतील, कारण अजून त्या रंगांतून आरपार दिसतं. यासाठीच पांढरा ॲक्रिलिक. रंगवलेल्या बाजूवर एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. उलटून बघा. पिवळा-केशरी एकदम उजळतो. माझ्या मते घरगुती वाटणारं कानातलं आणि विकत घेतल्यासारखं वाटणारं कानातलं यांतला सगळा फरक या पांढऱ्या हातात आहे. त्यावर पाण्याच्या व्हार्निशचे दोन पातळ हात. समोरच्या बाजूला काहीच लावायला नको, ती मुळातच चकचकीत असते.

व्हार्निशऐवजी पारदर्शक नेलपेंट लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. देऊ दे, लावू नका. नेलपेंटमधली द्रावणं मार्करची शाई पसरवतात आणि पॉलिस्टायरीनही खातात. नेलपेंट रिमूव्हर तर त्याहून वाईट: ॲसिटोनमध्ये हे प्लास्टिक चिकट होऊन विरघळतं. स्प्रेच्या डब्यातलं व्हार्निशही बहुतेकदा अशाच द्रावणात केलेलं असतं, त्यामुळे ते आधी एखाद्या वाया गेलेल्या तुकड्यावर मारून बघा.

जोडणी

कडी उघडताना तिची दोन टोकं एकमेकांपासून बाहेर ओढू नका, गोलाई जाते आणि पुन्हा नीट मिटत नाही. दोन पकडींनी दोन टोकं धरून एक पुढे, एक मागे अशी बाजूला फिरवा. कोयरी आणि हुक घाला, तशीच उलट फिरवून मिटवा. नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर फट आहे आणि त्या फटीत केस अडकतील. हुक हातात धरून कोयरी लटकवा. ती समोर न बघता आडवी फिरली तर मध्ये आणखी एक कडी घाला, सरळ होईल. फिरकीची कानातली हवी असतील तर कोयरीच्या मागे सपाट बैठकीची कुडी चिकटवता येते, पण गोंद कोणता चालतो ते आधी तुकड्यावर तपासा. काही गोंदांतही ॲसिटोन असतो.

जोडी जमली की पुढे काय करावं? बांगडीची घाई करू नका. सव्वादोनच्या बांगडीचा आतला घेर साधारण १८ सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्यासाठी ४० सेंटिमीटरची पट्टी हवी, आणि ए-फोर शीट लांबीला जेमतेम ३० सेंटिमीटर. त्यापेक्षा चिंचपेटीसारखे आयताकृती तुकडे करा, प्रत्येकाला दोन्ही बाजूंना भोकं, आणि कड्यांनी जोडत जा. गळ्यातलं होतं, हातातलंही होतं, आणि एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. हे सगळे तुकडे शीटच्या एकाच दिशेने काढायचे, कोयऱ्यांसारखेच.

कानातली घालण्याआधी अत्तर, सेंट लावून वाळू द्या. त्यातलं अल्कोहोल कडेने शिरलं तर मार्करची रेघ फुटते. मळली तर साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने पुसा. उकळत्या पाण्यात घालू नका, तेवढ्या उष्णतेला हे प्लास्टिक मऊ पडायला लागतं. उरलेली शीट सपाट फाइलमध्ये, दोन कागदांच्या मध्ये ठेवा आणि कोपऱ्यात मार्करने लांबीच्या दिशेचा बाण काढून ठेवा, कारण तुकडे कापत गेलं की पुढच्या वेळी कोणती बाजू लांबीची होती ते कळत नाही. दुसरं पाकीट आणलंत तर त्याच्या पहिल्या शीटमधून पुन्हा दोन पट्ट्या कापा, भाजा आणि त्याच दोरीत ओवा.